सूर जुळवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा, नाशिकला असतो. गिटारवर स्वतःची मराठी गाणी म्हणतो. दोन वर्षांपूर्वी टाकलेलं एक गाणं कुणी ढुंकूनही ऐकलं नाही. आता मित्राने मला न विचारता त्यावर ढोलकी, बेस, इलेक्ट्रिक गिटार असं सगळं चढवून ते पुन्हा टाकलंय, आणि लोकांना तेच आवडतंय! खूश होऊ की भांडू? अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनचंही असंच झालं होतं म्हणतात, ते खरं का?

उत्तर : अगदी खरं. आणि तोही तेव्हा तुमच्याच वयाचा होता.

शाळकरी वयात, १९५७ मध्ये, मित्र आर्ट गारफंकलबरोबर ‘टॉम अँड जेरी’ या नावाने केलेलं सायमनचं एक गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. नंतर बरीच वर्षं काही घडेना. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये दोघांची पहिली एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) आली ती आपटलीच. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ तिच्यातच होतं, साध्या गिटारवर. सायमन इंग्लंडला गेला, फोक क्लबांमधून, म्हणजे लोकगीतांच्या छोट्या अड्ड्यांवरून, गात हिंडला. १९६५ मध्ये लंडनला त्याने एकट्याने एक एलपी केली, तिच्यातही हे गाणं आहे.

इकडे बॉस्टनच्या रेडिओवर मूळ गाणं वाजू लागलं, मागणी यायला लागली. निर्माता टॉम विल्सन तेव्हा गायक बॉब डिलनचंही काम बघत होता. १५ जून १९६५ ला डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’चं रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि त्याच दिवशी विल्सनने त्यातल्याच काही वादकांना थांबवून घेऊन सायमनच्या जुन्या टेपवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले. गाणाऱ्यांना पत्ताच नाही! १९६६ उजाडताना ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ते गाणं हेडफोन लावून ऐका. मूळ टेप काही ठेक्यावर बांधून घेतलेली नव्हती. दोघं जण शब्द येतील तसे गात गेले, कुठे जरा रेंगाळले. त्यामुळे नंतर आलेल्या ड्रमवाल्याला त्यांच्या मागे मागे जावं लागलं. मध्ये एका ठिकाणी सगळा वाद्यवृंद चक्क पाय ओढतो, गाणारे येईपर्यंत. सायमनने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हबकलाच, असं लंडनमधला त्याचा गायक मित्र अल स्टुअर्ट सांगत असे.

मी स्टुडिओच्या काचेमागे तीस वर्षं काढली, आणि हे पाप मीही केलंय. एका पोराच्या अभंगावर रात्री टाळ चढवले. सकाळी ऐकून तो एवढंच म्हणाला, “काका, माझा श्वास कुठे गेला?” दोन ओळींमधली त्याची श्वासाची जागा मी टाळांनी बुजवली होती. टाळ काढले. (कॅसेट खपली नाही ती नाहीच, पण तो दोष माझ्या टाळांचा नव्हे.)

सायमन मात्र भांडत बसला नाही. घरी परतला, गारफंकलला घेतलं आणि काही आठवड्यांत दुसरी एलपी उभी केली. तिच्यातली बरीच गाणी लंडनच्या त्या एकट्याच्या एलपीतलीच, आता वाद्यांसकट. म्हणजे पोतडीत माल तयार होता. तुमच्याकडे आणखी किती गाणी आहेत, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

मित्राशी बोला, पण नुसता राग काढायला नको. शब्द आणि चाल तुमची आहे, हे त्याच्याकडून लेखी घ्या. पोस्टखाली गीतकार, संगीतकार म्हणून तुमचं नाव हवंच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहजी लिहून देता येत नाही, तेव्हा कुणी कागद पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मूळ, नुसत्या गिटारची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

आणि दोन्ही ट्रॅक मला पाठवा. ढोलकी मुखड्यालाच आलीय की पहिल्या कडव्यानंतर, ते ऐकायचंय. मुखड्यालाच आली असेल तर मी तुमच्या बाजूने भांडायला येतो.