दहावीनंतर चर्चच्या उन्हाळी सेवा-ट्रेनिंगला जाऊ का? चारचौघांत बोलायची फार भीती वाटते

मी गेलेले, दहावीची परीक्षा झाली त्याच मे महिन्यात, म्हणून लिहितेय. मी सांगलीची. पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) बाबांना विचारलं की साताऱ्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग आहे, नंतर पाच दिवस गावात लहान मुलांचे वर्ग घ्यायचे, पोरीला पाठवता का, आणि बाबा माझ्याकडं न बघताच हो म्हणाले. आम्ही चौघी कोयना एक्सप्रेसनं गेलो, सातारा स्टेशन गावापासून केवढं लांब आहे ते तेव्हा कळलं.

तू विचारलंयस की बोलायला जमलंच नाही तर काय करतात. काही करत नाहीत, बसवतात आणि उद्या परत उभं करतात. मी पहिल्या दिवशी जक्कयची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या माणसाची, गोष्ट सांगायला उभी राहिले आणि दोन वाक्यांत घसा कोरडा पडला. तिथं गोष्ट पाठ करायची नसते, आपल्या शब्दात सांगायची असते, शास्त्र (बायबल) हातात उघडं धरायचं आणि डोळे मात्र पोरांकडं. सोबत फ्लॅनेलच्या कापडाचा बोर्ड, त्यावर मागून फ्लॅनेल लावलेली कागदी चित्रं चिकटवत जायची. पंखा चालू ठेवला की जक्कय झाडासकट खाली. आम्ही मे महिन्यात पंखा बंद करून प्रॅक्टिस केलीय, घामानं चित्रं बोटाला चिकटायची.

अक्षरं नसलेलं पुस्तकही शिकवतात, नुसती रंगांची पानं, एकेक रंग दाखवत येशूचा संदेश सांगायचा. स्पर्जन नावाच्या इंग्लंडच्या उपदेशकानं १८६६ मध्ये काळा, लाल, पांढरा हे तीनच रंग घेऊन ते सांगितलेलं, १८७५ ला मूडी नावाच्या अमेरिकन उपदेशकानं सोनेरी घातला, हिरवा त्याच्याही नंतरचा. आम्हाला शिकवणारी ताई काळं पान आलं की थांबवायची, म्हणायची 'काळा म्हणजे पाप' असं म्हणू नकोस, समोर सावळी पोरं बसलेली असतात, 'अंधार' म्हण. हे मला तेव्हा इतकं पटलं की आजही मी तसंच सांगते.

गाणी बरीचशी हातवारे करायची, इंग्रजी चालीची. पण एका संध्याकाळी एक आजोबा पेटी घेऊन आले आणि ती वाजवत ना. वा. टिळकांची, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मराठी कवीची, भजनं म्हणायला लागले. टिळकांनी १९१७ ला देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची मंडळी ह्याच साताऱ्यात सुरू केली हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. लहानपणापासून चर्चमध्ये ती भजनं म्हणत होते, पण घरच्यासारखी त्या दिवशी वाटली.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. शेवटच्या रात्री सगळ्यांनी साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरलं आणि आधीच्या मुली रडत बोलल्या, म्हणून मीपण माझ्याबरोबर न घडलेलं असं बरंच काही बोलले. तुला कुणी असं उभं केलं तर माझं अजून काही सांगण्यासारखं नाही एवढं म्हणून खाली बस. त्यात अविश्वास काही नाही.

नंतरचे पाच दिवस आम्हाला भिलवडीकडं पाठवलं. चर्चमधली दहाबारा पोरं आणि शेजारपाजारची काही, सगळ्यांच्या आईवडिलांची लेखी परवानगी घेतलेली. (तुझ्याकडं ही पद्धत आहे का ते आधी विचार, आणि मोठ्या माणसांनी मुलांबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही हा नियम आहे का तेही.) जक्कय बुटका, त्याला गर्दीत येशू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला, एवढं मी छान सांगितलं आणि सातआठ वर्षांचा एक पोरगा उठला, "दिदी, उंबराला पाय लावत नसत्यात, दत्ताचं झाड हाय ते." औदुंबर हे दत्ताचं ठिकाण तिथून जवळच, त्यामुळं त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि मला काही सुचेना. शेवटी म्हणाले, मला माहीत नाही रे, विचारून उद्या सांगते. रात्री ताईनं सांगितलं की येशूच्या देशातलं ते झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं पण वेगळं, त्यालाही खोडाला लगडून फळं येतात, आणि तिकडचे यहुदी लोक त्याला देवाचं झाड मानत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं तर त्यानं मुठीतली दोन लाल उंबरं काढली, एक फोडून माझ्या नाकासमोर धरलं, आत बारीक किडे वळवळत होते. "मग तिकडच्यात पण किडं असत्यात?" मला माहीत नाही म्हणाले, आणि ह्या वेळी घसा कोरडा पडला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून ते किडे मोजायला सुरुवात केली आणि अख्खा वर्ग भोवती जमला.

तर जा तू. सुती कपडे आणि स्वतःचं अंथरूण-पांघरूण ने, आणि कुठली गोष्ट दिलीय ते कळलं की इथं लिही, मी सांगीन ती कशी सुरू करायची.