कॅसँडरचं मॅसिडोनियातलं राजघराणं इतक्या लवकर का संपलं?

थोडक्यात सांगायचं तर वारस कच्चे निघाले आणि भाऊबंदकीने उरलंसुरलं घालवलं.

सिकंदराचा सरदार अँटिपेटर याचा मुलगा कॅसँडर. त्याने सिकंदराची आई ऑलिंपियास हिला मारवलं, सिकंदराची सावत्र बहीण थेस्सालोनिकी हिच्याशी लग्न केलं, पुढे सिकंदराचा अल्पवयीन मुलगा आणि त्याची आई रोक्साना यांचाही काटा काढला. राजा ही पदवी मात्र त्याने इ.स.पू. ३०५च्या सुमारास घेतली. घराण्याची वर्षं इथून मोजतात.

इ.स.पू. २९७मध्ये तो गेला. थोरला मुलगा चौथा फिलिप जेमतेम चार महिन्यांत आजाराने वारला. उरले दोन धाकटे मुलगे: आजोबांच्याच नावाचा अँटिपेटर आणि पाचवा अलेक्झांडर. आई धाकट्याची बाजू घेते म्हणून अँटिपेटरने तिचाच खून केला! मग अलेक्झांडरने एपिरसचा राजा पिऱ्हस आणि सिकंदराचा सरदार अँटिगोनस याचा मुलगा डिमिट्रियस, दोघांनाही मदतीला बोलावलं. खरी चूक ही. पिऱ्हस आधी आला आणि मदतीचा मोबदला म्हणून पश्चिमेकडचे प्रांत घेऊन बसला. डिमिट्रियस उशिरा पोचला, तेव्हा त्याची गरजच उरली नव्हती. लॅरिसा शहरातल्या मेजवानीत डिमिट्रियस पानावरून उठला, अलेक्झांडर मागोमाग निघाला. प्लुटार्क सांगतो, दारातल्या आपल्या पहारेकऱ्यांना डिमिट्रियस एवढंच म्हणाला, 'माझ्या मागून येणाऱ्याला मारा.' साल इ.स.पू. २९४. अँटिपेटर सासऱ्याकडे, थ्रेसचा राजा लायसिमॅकसकडे पळाला. पुढे त्यानेच जावयाला संपवलं.

शेपूट एक राहिलं: इ.स.पू. २७९मध्ये कॅसँडरचा पुतण्या ४५ दिवस राजा होता. ग्रीसमधले उन्हाळी एटेशियन वारे साधारण तितकेच दिवस वाहतात, म्हणून त्याचं नावच पडलं 'एटेसियास'.