मांडवाखाली आखडलेली मान

प्रश्न: मी पिंपळगाव बसवंतची, वय 43. द्राक्षबागेत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला जाते, दिवसभर हात वर अन् मान मागं. दोन वर्षं झाली मान धरलीय, सकाळी दगड ठेवल्यासारखी जड असते. एक्स-रेत मणक्यातली गॅप कमी झालीय म्हणाले. रोज तेल चोळते, फरक नाही. एकाने मान मोडून दिली तर चार दिवस उठता आलं नाही. आयुर्वेदात काही आहे का?

उत्तर: आहे ताई, पण आधी मान मोडून घेणं आजपासून बंद, समोरचा कितीही हातगुणाचा असू दे.

सुश्रुताने मन्यास्तंभाची, म्हणजे मान आखडण्याची कारणं दिलीत त्यात दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं आणि वर बघत राहणं आहे, म्हणजे तुमचं कामच की! आणि हा वात कफाने झाकलेला असतो म्हणून कोरडा शेक आणि नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं सांगितलंय, त्यामुळे जड मानेला नुसतं तेल चोळून भागत नाही. जाडं मीठ तव्यावर गरम करा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी मनगटावर लावून बघा, मग मानेपासून खांद्यापर्यंत 10-15 मिनिटं शेका, आणि थंडीत बागेत जाताना मानेला स्कार्फ पाहिजेच.

नस्य वैद्यांकडूनच शिकून घ्या, सर्दीत किंवा जेवल्याजेवल्या करायचं नसतं. जडपणा जाऊन कोरडी ठणक उरली की मग ग्रीवा बस्ती, उडदाच्या पिठाचं पाळं मानेवर बसवून त्यात कोमट तेल अर्धा तास धरतात, गार झालं की काढून परत गरम ओततात. नाशिकला पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथं दाखवा. गुग्गुळ मनाने आणू नका, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. बिनलेबलची पुडी तर नकोच, दोन दिवसांत आराम पडतो खरा पण अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे.

गॅप तेलाने भरत नाही, कुणी म्हणालं तरी. पण तुमच्या वयात कमी झालेली गॅप मान न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसते, म्हणून घाबरू नका. त्यापेक्षा स्टूलवर उभं राहा, घड डोळ्यासमोर आला पाहिजे, आणि दर वीसेक मिनिटांनी हात खाली, हनुवटी खाली. हे नाही केलं तर माझा शेक संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

आणि बोटांना मुंग्या येतायत, मणी काढताना कात्री हातातून सुटतेय, चालताना तोल जातोय असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा, हंगाम संपायची वाट बघू नका.