वाचकांचे प्रश्न : उंबरठ्यावरून दरवाजा ओळखताना

प्रश्न (खानापूर) : हेड्रियनच्या भिंतीच्या फोटोंत दरवाजे कमरेएवढेच उरलेले दिसतात. मग दार केवढं, कमान केवढी हे कशावरून सांगतात?

उत्तर : उत्तर इंग्लंडमधली ही भिंत इ. स. १२२ च्या सुमारास बांधायला घेतली. दर रोमन मैलाला, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवर, एक छोटी गढी आणि तिच्यातून पलीकडे जाणारा दरवाजा. वरचे दगड नंतर लोकांनी घरा-गोठ्यांना नेले. उंबरठ्याचे अवजड दगड मात्र बहुतेकदा जागेवरच राहतात, म्हणून पाहणी तिथूनच सुरू करावी.

उंबरठ्याच्या दोन्ही टोकांना गोल खळगे दिसतात. आपल्या जुन्या वाड्यांतल्यासारखंच हे दार बिजागरीवर नाही, तर खाली-वर खुंट्यांवर फिरायचं. खळग्यात तांबूस गंज असेल तर खुंट्याला लोखंडी टोपण होतं. दोन खळग्यांमधलं अंतर म्हणजे जवळपास दोन झडपांची मिळून रुंदी. मध्ये उभा दगड असला तर झडपा त्यावर येऊन अडायच्या. दार लोंबलं की फरशीवर धनुष्यासारखा वाकडा ओरखडा पडतो. तो कोणत्या बाजूला आहे ते पाहा, दार तिकडेच उघडायचं.

कमानीचं माप पडलेल्या पाचरी दगडांवरून निघतं. अरुंद तोंड २४ सेंमी, रुंद तोंड ३२ आणि उंची ४० असेल तर २४ गुणिले ४०, भागिले ८ (दोन तोंडांतला फरक), म्हणजे त्रिज्या १२० सेंमी. अर्धवर्तुळी कमान धरली तर गाळा, म्हणजे कमानीची आतली रुंदी, २४०. हिशोब सोपा, पण फसवा. रुंद तोंडाची कड १ सेंमी झिजली की हाच गाळा २७४ सेंमी येतो. म्हणून सापडतील तेवढे सगळे दगड मोजायचे, एकाच दगडावर भरवसा ठेवायचा नाही. सांध्यातला चुनाही धरायचा.

प्रश्न (निपाणी) : मूळ दरवाजा नंतर अरुंद केला, हे कसं ओळखायचं?

उत्तर : याच भिंतीवरच्या हाउसस्टेड्स या रोमन किल्ल्याच्या पश्चिमेला असलेल्या ३७ क्रमांकाच्या गढीचा उत्तर दरवाजा याचं चांगलं उदाहरण आहे. गाडी जाईल एवढी वाट बुजवून माणूस जाईल एवढीच ठेवलेली. भराव आणि मूळ खांब यांचे थर एकमेकांत गुंतलेले नसतात, मध्ये सरळ उभा सांधा पडतो. भरावात पूर्वी दुसरीकडे वापरलेले दगड येतात, उंबरठाही बरेचदा वर उचललेला असतो. त्या उंबरठ्याखाली नाणं मिळालं तर एवढंच कळतं, की बदल त्या नाण्यानंतरचा आहे. किती वर्षांनंतरचा, ते नाणं सांगत नाही, आणि घाईच्या निष्कर्षांत चूक होते ती इथेच.

१९ व्या शतकात जॉन क्लेटन या तिथल्या जमीनदारांनी भिंतीचे काही भाग पुन्हा रचून घेतले. तो कोरडा, चुन्याशिवायचा बांध रोमन समजू नये. राजहंसगडावर किंवा बेळगावच्या किल्ल्यात पाहतानाही आधी सिमेंटची डागडुजी वेगळी काढा. जांभ्यात खुणा लवकर झिजतात, तेव्हा सकाळी तिरप्या उन्हात जा. कुठलाही दगड मात्र हलवू नका.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : रेल्वेच्या रुळांचं माप रोमन दरवाजातल्या चाकोऱ्यांवरून घेतलं, हे खरं का?

उत्तर : नाही. हाउसस्टेड्सच्या पूर्व दरवाजात चाकांनी घासलेल्या चाकोऱ्या आहेत आणि त्यांचं अंतर १४३५ मिमीच्या, म्हणजे रेल्वेच्या ‘स्टँडर्ड गेज’च्या, जवळपास येतं, म्हणून ही गोष्ट पसरली. इंग्लंडमधले सुरुवातीचे रेल्वे अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांनी माप उचललं ते टाइन नदीच्या परिसरातल्या कोळसा खाणींच्या गाडीवाटांचं. जनावरांनी ओढायच्या गाड्यांची रुंदी कुठेही थोडीफार सारखीच येते. आपला मिरज-बेळगाव-लोंढा मार्ग आधी मीटर गेज होता, आता १६७६ मिमीचा ब्रॉड गेज आहे. यातला एकही रोमन चाकोरीत बसत नाही.