मॅडम, मी सुटात शोभेन का?

पुण्यातल्या कॉलेजांत प्लेसमेंटचे दिवस आले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांच्या तक्रारी वरवर निरनिराळ्या असतात. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, वाचलेलं डोक्यात राहत नाही. थोडं बोलतं केलं की कपड्यांचा विषय निघतो. काळा घेऊ की निळा? मित्राचा घातला तर ओळखू येईल? हे इतक्या जणांकडून ऐकलंय, की त्यातल्या एकाची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बार्शीकडचा मुलगा, एमबीए फायनान्सचं शेवटचं वर्ष, बँकेचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला. वडील भुसार आडतीवर मुनीम. सुटासाठी त्यांनी मालकाकडून उचल घेतली होती. हा लक्ष्मी रोडवर जायचा, सूट घालून बघायचा आणि रिकाम्या हाताने परतायचा. आरशात सोंग दिसतं, म्हणाला.

"समज, सूट चुकला. काय होईल?"

"समोरचे हसतील."

"हसले. पुढे?"

"त्यांना कळेल."

"काय कळेल?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मी त्यांच्यातला नाही हे. गावाकडचा आहे हे."

मी त्याचा रिझ्युमे मागितला आणि त्याच्याचपुढे ठेवला. "दहावी कुठून झालास ते वाच."

त्याने हायस्कूलचं नाव वाचलं, गाव वाचलं, तालुकाही वाचला.

"हा कागद त्यांनी कधी पाहिला?"

"बोलावण्याआधी..." तो थांबला. पुन्हा कागदाकडे पाहिलं. "म्हणजे त्यांना माहीतच आहे की, मॅडम."

हे त्याचं त्याला सापडणं मला फार मोलाचं वाटतं. पहिल्याच भेटीत 'गडद निळा घे' म्हणून मी त्याला मोकळं करू शकले असते. पण मग तो टायवर अडला असता, टायनंतर बुटांवर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर मी घडले, आणि इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं मला वारंवार पटत गेलं: त्रास वस्तूचा नसतो, तिला आपण बांधलेल्या अटीचा असतो. नीटनेटकं दिसावं ही इच्छा रास्तच आहे. पण 'तसा दिसलो नाही तर मी त्या खुर्चीच्या लायकीचा नाही' ही अट माणसाला पोखरते.

मग मी त्याला काम दिलं. सूट घे, तो घालून बसने स्वारगेटला जा, संध्याकाळी मेसमध्ये जेव आणि कितीजण बघतात ते मोज. तो हसत परत आला. कंडक्टर नेहमीसारखाच 'पुढे सरका' म्हणाला होता. मेसमध्ये दोघांनी 'लग्न कुणाचं?' विचारलं, आणि पुन्हा भाजीकडे वळले. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेला, 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्याला तेव्हा सांगितला. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून एकेकाला इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्यांनी तो पाहिला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही तो लक्षात आला नव्हता.

त्या फेरीत एक व्यवहाराची गोष्टही कळली: बसलं की पँट कमरेत आवळते. शिंप्याने ती सैल करून दिली.

म्हणून मुलांना सांगते, आधी प्लेसमेंट ऑफिसात विचारा. सॉफ्टवेअरच्या बऱ्याच मुलाखतींना इस्त्रीचा फॉर्मल शर्ट-पँट पुरतो. बँक, कन्सल्टिंग इथे सुटाची अपेक्षा असू शकते. गडद निळा किंवा गडद करडा घ्या, चकाकी नको. खांदा नीट बसतोय ना, एवढं कसोशीने बघा. बाही, कंबर, पँटची लांबी दुरुस्त होते. खांदा सहसा होत नाही. कोटाच्या मागच्या फटीवरचा कच्चा टाका आणि बाहीवरचं लेबल काढायला विसरू नका. सीनियरचा सूट मापाचा असेल तर बिनदिक्कत मागा. त्यासाठी घरात कर्ज करू नका.

आणि आईवडिलांनो, ट्रायल रूममधून पोरगं बाहेर आलं की कौतुकाने 'अगदी साहेब दिसतोस' म्हणता ना, त्याने ती अट आणखी घट्ट होते. त्यापेक्षा त्याला खुर्चीवर बसायला सांगा, आणि कुठे आवळतं का तेवढं विचारा.