ढकलण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

चौकात तुझी बाईक बंद पडली, तू ती ढकलत गॅरेजपर्यंत नेलीस आणि मेकॅनिकने अंगठ्याने लाल बटण सरकवताच ती चालू झाली, हे तुझ्या आईकडून कळलं. तो हसला ते तुला फार लागलं, असंही ती म्हणाली. त्याने हसायला नको होतं. हे बटण तुला कुणी दाखवलंच नव्हतं.

उजव्या मुठीजवळचा तो किल स्विच. गाडी आडवी झाली तर मूठ न सोडता इंजिन बंद करता यावं म्हणून दिलेला. पार्किंगमध्ये कुणाचाही हात लागतो आणि तो सरकतो. मीटरचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून इंजिनच गेलं असं वाटतं. साइड स्टँडचंही तेच. हल्लीच्या बऱ्याच बाईक स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंद पडतात, आणि आपण क्लचला दोष देत बसतो.

आता कारही शिकते आहेस, म्हणून सांगतो. किल्ली फिरत नसेल तर जोर लावू नकोस, किल्ली तुटते. स्टिअरिंग लॉक झालेलं असतं. डाव्या हाताने ते थोडं इकडेतिकडे हलवत उजव्या हाताने किल्ली फिरव, सुटतं. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल)वर आहे का बघ आणि ब्रेक दाबून मग स्टार्ट कर.

या सगळ्यात फार तर दहा मिनिटं जातात. मला खरी काळजी पेट्रोल पंपाची वाटते. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं, मागे रांग लागली, की माणूस ओशाळतो आणि ‘निदान बाजूला तरी घेऊ’ म्हणून गाडी सुरू करतो. नुकसान तिथे होतं. इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपाला वंगणही डिझेलचंच असतं. पेट्रोल ते धुऊन काढतं, धातूवर धातू घासतो, आणि त्याचा कीस इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो. टाकी रिकामी करून भागलं असतं, तिथे सगळी इंधनयंत्रणा बदलायची वेळ येते.

तेव्हा असं कधी झालंच तर किल्लीला हात लावू नकोस. मागचे ओरडू देत. पंपावरच्या मुलांना सांग, गिअर न्यूट्रलला टाक, चौघांकडून गाडी बाजूला ढकलून घे आणि टोइंगवाल्याला बोलव. तिथे मात्र ढकलणंच बरोबर.

तुझा,
काका