खाजनाचा बांध दरवर्षी फुटतो, गावच्या तरुणांनी सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातल्या तुमच्या गावच्या खाजनात (नदीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत) लागोपाठ दोन पावसाळे बांध फुटून खारं पाणी शिरलं, काही शेतं पडीक झाली, आत खारफुटी उगवू लागली. गावातली तरुण मुलं एकत्र आली आहेत आणि वर्गणी काढून जेसीबी आणायचा विचार करताहेत. तो करावा का, की आणखी काही?

वर्गणी जरूर काढा. पण जेसीबी सगळ्यात शेवटी आणा. खाजनाचा बांध बहुतेक वेळा लाटेच्या एका तडाख्याने फुटत नाही. मानशीकडे आणि खेकड्यांच्या बिळांकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून तो फुटतो. ती राखण सुरू न करता नुसती माती टाकलीत तर पुढच्या उधाणाला हीच कथा. म्हणून मी मानशीपासून सुरुवात करतो.

मानस म्हणजे खाजन आणि नदी यांच्यातलं दार. चांगल्या मानशीचं दार माणसाने उघडावं-मिटावं लागत नाही. भरतीला नदीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार चौकटीवर बसतं. ओहोटीला आतलं पाणी त्याला बाहेर ढकलतं. हे नीट चाललंय का, हे पाहायचं तर भरती पुरी चढलेली असताना आतल्या बाजूला उभं राहा. दार आणि चौकट यांच्या फटीतून पाण्याच्या चिळकांड्या येत असतील तर त्या मोजा आणि खडूने खुणा करा. ओहोटीला दाराची कड आणि चौकट तपासलीत की बहुधा तीनपैकी एक कारण सापडतं: कडेवर कालवांचा थर चढलेला असतो, बिजागरी गंजून दार खाली झुकलेलं असतं, नाहीतर माडाचं खोड, फांदी, प्लास्टिकची बाटली असं काहीतरी अडकलेलं असतं. वीतभर उघडं राहिलेलं दार एका उधाणाच्या भरतीत शेतभर खारं पाणी आणू शकतं. कालवं खरवडा, फटीवर जुन्या ट्यूबची रबरी पट्टी ठोका, लाकडाला मे महिन्यात डांबर लावा. वाहून येणारं लाकूड अडवायला दाराच्या दोन्ही अंगांना थोडं अंतर सोडून बांबूची जाळी उभी करा. यातलं बहुतेक काम गावचा सुतार आणि चार माणसं मिळून करतात.

आता नाजूक भाग. मानशीवरच्या मासेमारीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना तोंडाशी जाळं लावायचं, ही जुनी आणि योग्य रीत. शेवटे, काळुंदर, सुंगटं, कधी चणक असं तिथे मिळतं आणि त्या पैशातून बांध राखायचा, हीच मूळ कल्पना. बिघडतं कुठे? जास्त मासे आत यावेत म्हणून भरतीच्या वेळी दार दोरीने बांधून उघडं ठेवलं जातं. मग पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यात, राहायला हवं ते पाणी मेरा (शेताकडेचे छोटे बांध) ओलांडून शेतात जातं. बांध आतूनही भिजलेला राहतो आणि बसतो. पावणी घेणाऱ्याशी भांडून यातलं काही सुटत नाही, पावणीच्या अटींत सुटतं. भरतीला दार बांधून ठेवायचं नाही, ही पहिली अट. मानशीच्या आतल्या भिंतीवर लाल रंगाची रेघ ओढायची आणि पाणी तिच्यावर चढू द्यायचं नाही, ही दुसरी. ती रेघ पोंयीच्या काठाच्या वीतभर खाली असावी. तिसरी अट अशी की अनामत रक्कम ठेवायची आणि रेघ मोडल्यास तिच्यातून कापायची. दार कोण हाताळणार त्याचं नाव करारात असावं. रेघेचा फायदा हा, की शाळकरी पोरालासुद्धा पाणी वर आहे की खाली ते दिसतं आणि वादाला जागा राहत नाही.

या अटी घालायचा अधिकार तुमच्या तरुण मंडळाला नाही, कुळांच्या संघटनेला आहे. गोव्याच्या १९६४ च्या कूळ कायद्याखाली बांध आणि मानस राखणं ही कुळांची संयुक्त जबाबदारी मानली आहे आणि तिच्यासाठी १९७५ चे वेगळे नियम आहेत. संघटनेवर देखरेख मामलेदाराची असते. तेव्हा आधी मामलेदार कार्यालयात अर्ज करून तीन गोष्टी मागा: सभासदांची यादी, मागच्या काही वर्षांचे हिशेब आणि पावणीची फाईल. मिळत नसतील तर माहिती हक्काखाली मागा. यादीत बरीच नावं वारलेल्या माणसांची निघतात आणि वारस मुंबईत नाहीतर परदेशात असतात. वारसनोंदी झाल्याशिवाय सभेला गणपूर्ती होत नाही, गणपूर्तीविना कार्यकारिणी होत नाही आणि कार्यकारिणीविना पावणी जुन्याच माणसांच्या हातात राहते. माझ्या मते तुमच्या मंडळाने पहिल्या वर्षात करण्यासारखं सर्वांत उपयोगी काम हेच आहे: घरोघर जाऊन वारसांचे कागद गोळा करणं. दिसायला कंटाळवाणं, पण संघटना जिवंत होते ती यानेच. श्रमदान करायचं तेही संघटनेच्या ठरावानेच करा, नाहीतर बांधाला काही झालं की खापर तुमच्यावर. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेची, असेल तर तिलाही लेखी कळवा.

मासेमारांना आणि चिखलात तिसऱ्या-खुबे काढणाऱ्या बायकांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. बांध कुठे पाझरतो, कुठला भाग बसलाय, हे त्यांना आधी कळतं, कारण ओहोटीला बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी त्याच असतात.

आता बिळं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, भरती पुरी असताना, दोघांनी आतल्या उतारावरून चालायचं. ओल कुठे आहे, पाणी कुठे झिरपतंय ते पाहायचं. झिरपणारं पाणी नितळ असेल तर थोडा अवधी आहे. गढूळ असेल तर पाणी बांधाची माती आतून घेऊन चाललंय, ते काम त्याच ओहोटीला करायला हवं. त्या जागी बांबूची काठी रोवून ठेवा. ओहोटीला बाहेरच्या, म्हणजे नदीच्या अंगाने समोरासमोर बिळाचं तोंड शोधा. फावड्याने बीळ शेवटपर्यंत उघडं करा, सैल माती काढून टाका आणि ओली चिकण माती वीतभर जाडीच्या थरांनी भरत प्रत्येक थर धुमसाने किंवा पायाने घट्ट चोपा. नेहमी चुकतं ते हे, की पाणी आत दिसतं म्हणून लोक आतून बोळा मारतात. मग पाणी बांधाच्या पोटात कोंडतं आणि दुसरीकडून मोठं तोंड करतं. मानशीची चिऱ्यांची भिंत आणि मातीचा बांध जिथे भेटतात, तो सांधा तर दर उधाणाला बघायलाच हवा. दगड हलत नाही, माती बसते आणि मध्ये बोटभर चीर पडते.

बांधाची उंचीही एकदा मोजून घ्या. पाणी माथ्यावरून चढलं तर बांध फुटतो तो त्याच्या सर्वांत बुटक्या जागी. तिथून पाणी आत सांडायला लागलं की आतला उतार कापला जातो आणि बघता बघता खिंडार पडतं. गवंड्यांची पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं. दर १० मीटरवर माथ्याची उंची मोजून वहीत लिहा. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला पाणी किती चढतं त्याची खूण मानशीवर करा. माथा त्या खुणेपेक्षा निदान अर्धा मीटर वर हवा.

खिंडार आधीच पडलं असेल तर फेब्रुवारी ते मे हाच हंगाम. दिवस निवडताना भांगाची भरती धरा: अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस, जेव्हा पाणी कमी चढतं-उतरतं. दोन्ही टोकांकडून माती लोटत तोंड मिटवत आणू नका. तोंड अरुंद होतं तसा पाण्याला जोर येतो, तळ खणला जातो आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये घातलेली माती राहतच नाही. त्याऐवजी बांबूच्या दोन रांगा रोवा, तळावर बांबूची चटई आणि पेंढा अंथरा, वर चिकण माती भरलेली गोणपाटं ठेवा आणि संपूर्ण रुंदीभर थरावर थर सारख्या उंचीने चढवत या. त्या काळात ओहोटीला मानस पूर्ण वाहती ठेवा, म्हणजे आतलं पाणी खिंडाराकडे धावणार नाही. प्लास्टिकची पोती वापरू नका. उन्हाने ती लवकर विरतात, माती वाहून जाते आणि चिंध्या नदीत राहतात.

मातीचा हिशेब आधी मांडा. माथा १.५ मीटर, उंची २ मीटर आणि दोन्ही उतार उंचीच्या दीडपट धरले तर तळाची रुंदी ७.५ मीटर येते, छेदाचं क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. म्हणजे १० मीटरच्या खिंडाराला ९० घनमीटर माती. ओली माती बसते म्हणून पाव हिस्सा जास्त धरा, ११० घनमीटरच्या वर जाते. साडेचार घनमीटरच्या टिपरने पंचवीस खेपा. वेळीच बुजवलेल्या बिळाला दोन-तीन घमेली पुरली असती. वर्गणी देणाऱ्यांना हा हिशेब दाखवा, राखणीचं महत्त्व चटकन पटतं.

माती कुठली? खाजनातलीच चिकण माती. डोंगराची तांबडी माती किंवा मुरूम स्वस्त पडतो म्हणून टाकतात, पण तो पाणी धरत नाही आणि लाटेने ढासळतो. शिवाय त्यासाठी कुठला तरी डोंगर कापला जातो, ते वेगळंच. बाहेरच्या अंगाला चिऱ्यांचा थर लावायला हरकत नाही, विशेषतः जिथे बार्जेसच्या लाटा आदळतात. पण पोटात चिकण मातीच हवी. सिमेंटची भिंत सरसकट घालू नका: खालचा चिखल तिचं वजन सगळीकडे सारखं पेलत नाही, ती तडकते आणि पाणी खालून वाट काढतं. जेसीबी आणलात तर तो सुकलेल्या शेतातून काम करू दे, बांधाच्या माथ्यावर चढवू नका. आणि चर बांधाच्या पायाला लागून मारू देऊ नका. बांधापासून निदान पाच-सहा मीटर लांबून माती उचलायला सांगा, नाहीतर बांध त्या चरातच घसरतो. यंत्रवाल्याला ही गोष्ट लांब पडते, म्हणून तिथे गावचं माणूस उभं हवंच.

खारफुटीबद्दल. बांधाच्या बाहेरची, नदीकाठची खारफुटी मुळीच तोडू नका. लाटांचा जोर तीच मोडते आणि बांधाचं आयुष्य वाढवते. आत शेतात उगवलेल्या झाडांनाही स्वतः हात लावू नका. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे, तिथे विकासकामांना मनाई आहे आणि खाजनालगतच्या खारफुटीला संरक्षण आहे. शिवाय वनखात्याचे नियम आहेतच. संघटनेच्या ठरावासह, सर्व्हे नंबर आणि फोटो जोडून वनखात्याकडे अर्ज करा. उशीर जितका, तितकी झाडं मोठी आणि परवानगी अवघड, म्हणून बांध दुरुस्त होण्याची वाट न बघता अर्ज आधी टाका. मोठ्या खिंडाराच्या दुरुस्तीसाठी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडेही त्याच कागदांनिशी जा. आणि ग्रामसभेत खाजनात डेब्रिज व भराव टाकण्याविरुद्ध ठराव घ्या. पंचायतीच्या जैवविविधता समितीकडून नोंदवहीत खाजनातले मासे, पक्षी आणि भाताची जुनी बियाणी लिहून घ्या. पुढे भरावाची तक्रार करताना ती नोंद कामी येते.

शेवटी शेत. खारं पाणी बाहेर काढल्यावर उन्हाळ्यात एक नांगरट करा, म्हणजे खालचा खार वर चढणं कमी होतं. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी शेतात एक-दोन दिवस साठू द्या, ओहोटीला मानशीतून सोडा, पुन्हा साठवा, पुन्हा सोडा. असं तीन-चार वेळा केल्यावर माती तपासून घ्या. जुन्या गोव्यातल्या इला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथे विचारा. मातीची विद्युतवाहकता (खाराचं माप) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर ती जमीन खारट धरतात, तिथे ‘जया’सारखं नेहमीचं भात लावून बियाणं वाया घालवू नका. अशा तुकड्यात कोरगुट हे खार सोसणारं जुनं भात लावा, किंवा त्याच संस्थेने काढलेल्या ‘गोवा धान’ मालिकेतल्या खार सोसणाऱ्या जाती मिळतात का पाहा. कोरगुटाचं बियाणं शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडून घेतलंत तर बरं, ते तिथल्या खाराला सरावलेलं असतं. पहिल्या सरदाला, म्हणजे पावसाळी पिकाला, सगळं खाजन पेरायची घाई करू नका. खिंडारापासून लांबचे, थोडे उंच तुकडे आधी घ्या, आणि खोलगट भाग एक पावसाळा नुसता धुऊ द्या.